एका मुलीची चतुःसीमा

कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज आमच्या घरी आला तेव्हा वडिलांनी तो आधी उजेडासमोर धरून पाहिला. वडील कर्जतच्या कचेरीसमोर लिंबाखाली पेटी मांडून लोकांचे दस्त लिहीत. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, जे म्हणाल ते. त्यामुळे कागद हातात आला की त्यातली सरकारी खूण आधी बघायची आणि मजकूर मग वाचायचा, ही त्यांची सवय होती. अर्जाच्या कागदात खूण नव्हती.

"कच्चा कागुद हाय," ते म्हणाले आणि मला परत दिला.

त्र्याहत्तर सालचा पावसाळा तोंडावर होता. मी नुकतीच अकरावी मॅट्रिक पास झाले होते, सतरा वर्षांची होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. अर्जातले बाकीचे रकाने मी दहा मिनिटांत भरले. शेवटी मात्र एक अख्खं पान कोरं होतं आणि त्याच्या माथ्यावर छापलं होतं, की आपण कोण आहोत व पुढे का शिकू इच्छितो, हे विद्यार्थिनीने स्वतःच्या अक्षरात या एका पानात लिहावे. शाळेतल्या कारकुनांनी सांगितलं की जागा थोड्या, मुली पुष्कळ, मार्क सगळ्यांचे सारखेच. तेव्हा तिथल्या रेक्टरबाई हे पान वाचूनच मुली निवडतात. शनिवार ही शेवटची तारीख. वसतिगृह मिळालं नाही तर कॉलेजही नाही, कारण नगरला आमचं कुणी नव्हतं आणि आमच्या गावातून रोज जाऊन-येऊन कॉलेज करायचं म्हटलं तर अर्धा जन्म यष्टीत गेला असता.

कॉलेज नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. काष्टीच्या माझ्या आत्यानं तिकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. बागाईत जमीन, मुलगा निर्व्यसनी, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे "उंचीला दारात वाकावं लागतंय." मंडळी रविवारी मला बघायला यायची होती. म्हणजे शनिवारी माझा कागद नगरला पोचायचा आणि रविवारी काष्टीकर आमच्या ओट्यावर. मधे एक रात्र.

मला लिहिता येत नव्हतं असं नाही. निबंधात मी वर्गात पहिली असे. पण हा निबंध कुठून सुरू करावा आणि कशामागून काय घालावं, तेच कळेना. मी आपली मराठीच्या सरांकडे गेले.

सरांकडे सगळ्या निबंधांसाठी एकच साचा होता. सुरुवातीला एक सुभाषित, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटचा परिच्छेद 'थोडक्यात काय, तर' या शब्दांनी सुरू करायचा. पाण्याचे फायदे-तोटे आम्ही लिहिले होते, आगगाडीचे लिहिले होते, आणि एकदा 'माझी आई' या विषयावर आईचेही फायदे-तोटे लिहिले होते. त्यात मला दहापैकी सात मिळाले होते.

"विषय बदलला म्हणून पद्धत बदलत नाही," सर म्हणाले. "विषय तू आहेस. तुझे फायदे लिही, तोटे लिही, आणि आटोप."

मी ओट्यावर बसून वहीच्या कागदावर 'माझे फायदे' असं लिहिलं. पहिला फायदा, अक्षर चांगलं. दुसरा फायदा, पाठांतर चांगलं. तिसऱ्यापाशी घोडं अडलं ते अडलंच. शेजारी आई सुपात बाजरी पाखडत होती. काय चाललंय ते तिनं विचारलं, मी सांगितलं.

"फायद्याचं मला ठावं न्हाई," आई म्हणाली. "तोटं लिवून घे."

आणि ती सांगत सुटली. सकाळी हाक मारल्याबिगर उठत नाही. एक बोललं की दोन बोलते. भाकरी काठाला कच्ची ठेवते. चुलीपुढं पुस्तक घेऊन बसते आणि दूध उतू घालवते. मी रागारागानं सगळं लिहून घेतलं. पान भरलं, आणि 'थोडक्यात काय, तर' याच्यापुढे प्रामाणिकपणे लिहायचं झालं तर एकच वाक्य शिल्लक होतं: ही मुलगी घेऊ नये.

मी पान चुरगळलं. आईला वाईट वाटलं असावं, कारण तिनं सूप खाली ठेवलं आणि स्वतःची पद्धत सांगितली. आईला अक्षर येत नव्हतं, पण निरोप कसा सांगावा याबद्दल तिची मतं पक्की होती. एकदा गावातला एकजण आमच्या म्हशीची हकीकत सांगायला आला होता. म्हैस कुठल्या बांधावरून गेली, वाटेत कोण भेटलं, विहिरीला कठडा कसा नाही, असं त्यानं सुरुवातीपासून रंगवून सांगितलं. म्हैस सुखरूप आहे हे कळेपर्यंत आई दोनदा रडून झाली होती. तेव्हापासून तिचा नियम होता.

"पैल्यांदा सांगावं, कुनी मेलं न्हाई. मंग काय पायजे ते सांगावं. मंग बाकीचं, ऐकनाऱ्याला येळ आसंल तर."

त्याप्रमाणे मी लिहिलं: 'आम्ही सर्व खुशाल आहोत. घरात कोणी मेलेले नाही. मला कॉलेजात यायचे आहे.' पुढे काही सुचेना, कारण सगळं सांगून झालं होतं. आज मला वाटतं, पाठवलं असतं तर तेच चाललं असतं. पण सरांनी ते वाचलं आणि, "ही तार आहे, निबंध नव्हे," म्हणून परत दिलं.

बुधवारी संध्याकाळी वडील सायकल भिंतीला टेकवून आत आले तेव्हा माझ्याभोवती चुरगळलेले कागद पडले होते. कागद वाया गेलेला त्यांना बघवत नसे. त्यांनी एकेक बोळा उचलला, मांडीवर सरळ केला, वाचला, आणि सगळे एकावर एक रचून ठेवले. मग म्हणाले, "समदं चुकलंय तुझं. तू कशी हाईस ते लिवतीयास. आधी कुठं हाईस ते सांग."

"कुठं म्हणजे?"

"चतुःसीमा. पूर्वेला काय, पच्छिमेला काय, दक्षिनंला काय, उत्तरंला काय. जिनसीला चार बाजू पडल्या की ती जागची हालत न्हाई. कोरटात बी हालत न्हाई. तुज्या सुभाषितानं काय हुतंय?"

त्यांनी पेटी उघडली, चष्मा लावला आणि लिहायला बसले. वडील बोलताना आमच्यासारखेच बोलत, पण टाक हातात आला की त्यांच्या अंगात पेशवाई येई. पाऊण तासानं त्यांनी कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. त्याची सुरुवात मला अजून पाठ आहे.

'कारणे दस्त लिहून देतो ऐसा की, तालुका कर्जतपैकी आमचे गावी आमचे मालकी वहिवाटीची एक मुलगी असून तिचे वर्णन येणेप्रमाणे. वय वर्षे सतरा. इयत्ता अकरावी पास. दोन्ही डोळे शाबूत. चतुःसीमा: पूर्वेस शाळा, पश्चिमेस आत्या, दक्षिणेस तलाव, उत्तरेस सरकारी रस्ता. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मुलगी, तिचे अंगभूत झाडझाडोरा, दगडधोंडे यांसह...'

मी दगडधोंड्यांपर्यंत आले आणि माझं डोकं फिरलं. "मी काय सर्व्हे नंबर आहे?" मी ओरडले. "मालकीची मुलगी! दस्त काय फुकट होतो? त्यात एक देणार असतो, एक घेणार असतो. देणार तुम्ही, ते कळलं. घेणार कोण आहे? काष्टीवाले? मग रविवारपर्यंत तरी कशाला थांबता, अंगठा घ्या आणि द्या मला लिहून!"

आणि मी तो कागद टर्रकन फाडला.

आमच्या घरात ताट आपटलेलं चालत असे, दार आपटलेलं चालत असे. लिहिलेला कागद कुणी कधी फाडला नव्हता. वडील वाकले. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, कडा जुळताहेत का ते पाहिलं, पेटीत ठेवले आणि बाहेर जाऊन सायकलची साखळी पुसत बसले. साखळीला काहीही झालेलं नव्हतं. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण सतराव्या वर्षी माफी मागण्यापेक्षा जेवण सोडणं सोपं असतं. मी जेवले नाही.

गुरुवारी आत्या आली. वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठी, नवं हिरवं नऊवारी, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. आल्या आल्या तिनं माझ्या निबंधाचा विषय निकालात काढला.

"यवढं काय अवघड हाय त्यात? उंची लिवा, रंग लिवा, सैपाक येतो म्हनून लिवा. मी काष्टीला सांगितलंय तसंच."

"आत्या, ते लग्नाचं झालं."

"मंग? तितं बी पोरगी पसंतच करायची हाय का न्हाई?"

मी आणखी चिडले. वडील दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. रविवारबद्दल आत्या बोलली की ते हूं म्हणत, आणि त्या हूंचा अर्थ काय ते मला कळत नसे. मला पहिल्यांदाच भीती वाटली. माझी सगळी बडबड वडील पाठीशी आहेत या भरवशावर चालत होती आणि तो भरवसा मी स्वतःच्या हातानं फाडला होता.

शुक्रवारी दुपारी मी अर्जाचं ते कोरं पान घेऊन बसले. सुभाषित नको झालं होतं, फायदे सुचत नव्हते, खुशाली एका ओळीत संपत होती. आणि खरं सांगायचं तर बुधवारपासून डोक्यात त्या चार बाजूच घोळत होत्या. कुणी बघत नाही असं पाहून मी लिहिलं, 'माझ्या चार बाजू अशा आहेत.' त्यानंतर टाक थांबला नाही.

पूर्वेस मी कर्जत घातलं: तिथली शाळा, जिच्यात अकरावीपुढे वर्ग नाही, आणि कचेरीसमोरचा लिंब, ज्याच्याखाली बसून माझे वडील दुसऱ्यांच्या जमिनींना हद्दी घालतात. दक्षिणेस पाझर तलाव. दुष्काळात परीक्षेनंतर दोन महिने मी आणि आई तिथे माती वाहायला जात होतो. भरावात आमच्या घमेल्यांची माती आहे आणि अजून त्यात पाणी आलेले नाही, ते आल्याचे मला बघायचे आहे. पश्चिमेस काष्टी. तिथे माझी आत्या राहते, ती माझ्यावर माया करते आणि त्यापायी तिथेच मला द्यायचे घाटत आहे. उत्तरेस नगर. तिथे मी एकदाच, आठ वर्षांची असताना, डोळे आले म्हणून गेले होते. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे नगर मी ऐकले आहे, पाहिलेले नाही. बाकी तीन बाजू मी पाहिल्या आहेत. चौथी पाहण्यासाठी मला पुढे शिकायचे आहे.

वाचून पाहिलं. बरं वाटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पद्धत कुणाची होती ते उघड होतं.

संध्याकाळी वडील आले तेव्हा मी तो कागद त्यांच्या पेटीवर ठेवला. आत्या आणि आई शेंगा फोडत बसल्या होत्या. वडिलांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं, मागची बाजू उलटून पाहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी चौकटीला धरून उभी होते.

"चूक हाय," ते म्हणाले.

दोन दिवसांत माझ्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. माझा जीव भांड्यात पडला.

"काय चूक आहे?"

"वाट न्हाई लिवली. चार बाजू लिवल्या आनि जायायेयाची वाटच न्हाई? आशी जमीन कुनी घेत न्हाई, आन् घेतली तर लोक काटं लावून बंद करत्यात. लिव." आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'सदर मुलीस घरून कॉलेजात व कॉलेजातून घरी येण्याजाण्याची कायम वहिवाट राहील. लग्न झाले तरी ती बंद होणार नाही. त्यास घरचे अगर भावकीतले कोणीही हरकत घेणार नाही.'

"दादा, हरकत कोण घेणार आहे कॉलेजात?"

वडिलांनी पेटीत हात घातला. त्यांनी शाईची डबी काढली. "साक्षीदार," ते म्हणाले.

निबंधाला साक्षीदार असतात का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी एक कागद फाडून बसले होते, दुसऱ्याला हात लावायची छाती नव्हती. वडिलांची पद्धत अशी, की आधी अंगठ्याला शाई लावायची, मग मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि तो ऐकूनच अंगठा उठवून घ्यायचा. न वाचता त्यांनी उभ्या जन्मात कुणाचा अंगठा घेतला नाही. आई पुढे आली. आत्याला साक्षीदार व्हायला फार आवडे, त्यामुळे तिनं न विचारताच अंगठा पुढे केला. आत्याचा एक लौकिक होता. तोंडचा शब्द ती रोज फिरवी, पण दिलेला अंगठा तिनं कधी फिरवला नव्हता.

वडील वाचू लागले. आत्या नव्या नऊवारीला डाग लागू नये म्हणून निळा अंगठा हवेत धरून ऐकत होती. 'ती माझ्यावर माया करते' इथे तिनं मान डोलावली. वहिवाटीपाशी तिची मान थांबली.

"आरं, पर परवा मान्सं यायची हायती की!"

"आक्का, शाई वाळतीया."

"लग्न झालं तरी बंद न्हाई म्हंजी रं काय? आन् हरकत न्हाई म्हंजी मी बी न्हाई घ्यायची?"

"घ्यायची आसंल तर आताच घे. नंतर चालत न्हाई."

आत्यानं अंगठ्याकडे पाहिलं, मग साडीकडे. पुसायचं कुठं हा प्रश्न होताच. तेवढ्यात आई वाकली आणि तिनं आपला अंगठा कागदावर दाबला. इतका जोरात दाबला की मागच्या बाजूलाही उमटला. आई वडिलांच्या एखाद्या कागदाला माझ्यासाठी हात लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

आत्या आईकडे बघत राहिली. "आता लावलीच हाय शाई तर वाया कशापायी घालवायची," ती पुटपुटली आणि तिनं आईच्या शेजारी आपला अंगठा उठवला. सकाळच्या गाडीनं ती काष्टीला गेली आणि त्या मंडळींना म्हणाली की पोरगी चांगली हाय, पण मी अंगठा देऊन बसलेय. तिकडच्या लोकांनाही ते पटलं. अंगठा म्हटल्यावर कुणी पुढं विचारलंच नाही.

त्याच शनिवारी वडील आणि मी अर्ज घेऊन नगरला गेलो. हाती आणलेला अर्ज म्हणून रेक्टरबाईंनी मला लगेच आत बोलावलं. वडील बाहेर बाकावर छत्री घेऊन बसले. बाई गोऱ्या, ठेंगण्या, केसांचा अंबाडा. त्यांनी कागद घेतला, आणि पहिली नजर खालीच गेली.

"हे डाग कसले?"

"डाग नाहीत, अंगठे. एक आईचा, एक आत्याचा."

"निबंधाला?"

मी मान खाली घातली. बाई वाचू लागल्या. मधेच त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला. हसताहेत की काय ते मला कळेना. मग त्या खरोखरच हसल्या, टेबलावर हात आपटून हसल्या, आणि शिपायाला म्हणाल्या, "ह्यांच्या वडिलांना आत बोलवा."

वडील आत येऊन दाराशीच उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, तरी ते उभेच राहिले.

"दस्त उत्तम झालाय," बाई म्हणाल्या. "हद्दी आहेत, वाट आहे, साक्षीदार आहेत. पण एक राहिलंय हो तुमचं. देणार कोण आणि घेणार कोण, ते कुठंच नाही."

बुधवारी मी जे तोंडावर फेकलं होतं तेच बाई हसत हसत विचारत होत्या.

"हुतं, बाईसाहेब," वडील म्हणाले. "कच्च्यात लिवलं हुतं मी. देनार मी, घेनार ती सोता. सदर मुलीचा ताबा आज रोजी तिचा तिला दिला, आसं शेवटाला लिवलं हुतं." मग छत्रीकडे बघत, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "हिनं तितवर वाचलंच न्हाई."

मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी नाक ओढत होते. बाईंनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि सामान घेऊन पंधरवड्यानं या, म्हणाल्या.

आम्ही जिना उतरून खाली आलो. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तोच वडील म्हणाले, "पोच घेतली का?"

"कशाची?"

"कागुद दिलास त्याची. पोच घेतल्याबिगर कागुद देत्यात व्हय कुठं? जा वर."

मी परत वर गेले. बाईंनी कपाळाला हात लावला, पण एक चिठ्ठी लिहून दिली. त्यांनाही बहुधा गंमत वाटत होती. 'एक निबंध व एक मुलगी पोचली,' असं लिहून खाली सही. मी ती खाली आणून वडिलांना दिली. त्यांनी चष्मा लावला, उजेडासमोर धरली, बोट ठेवून वाचली. मग चिठ्ठी माझ्या हातात परत ठेवली.

"चूक हाय," ते म्हणाले. "बाईंना म्हनावं, निबंध दिलाय. पोरगी दिल्याली न्हाई, शिकाया ठिवलीया. दुरुस्त करून आन."

आणि मी, जिनं आयुष्यात कुणाचं एका शब्दानं ऐकून घेतलं नव्हतं, ती निमूटपणे तिसऱ्यांदा जिना चढले.